घरपट्टी माफ, घर महाग

१ जानेवारी २०२२ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी मुंबईकरांना नव्या वर्षाची भेट दिली. शहरातल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना यापुढे मालमत्ता कर नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आश्वासन २०१७ च्या पालिका निवडणुकीपासूनचं होतं आणि महापालिकेची मुदत संपायला जेमतेम दोन महिने उरले होते. सरकारने सांगितलेल्या आकड्यांनुसार सोळा लाखांवर घरांना लाभ होणार होता आणि पालिकेला वर्षाला चारशे कोटींहून जास्त रकमेवर पाणी सोडावं लागणार होतं. घरपट्टी कमी करण्याचा प्रस्ताव हा आपल्याकडे सर्वांत कमी वादाचा प्रस्ताव असतो. त्यावर भांडण होतं ते श्रेय कोणाचं, एवढ्यापुरतंच.

त्या सोळा लाख घरांत राहणाऱ्यांचे काही हजार रुपये वाचले, यात शंका नाही. पण ज्याला अजून घर घ्यायचं आहे, जो कांजूरला किंवा कांदिवलीला भाड्याने राहून दर रविवारी सॅम्पल फ्लॅट पाहत हिंडतो, त्याला या माफीतून काय मिळालं? काहीच नाही. उलट थोडंसं गेलंच.

कसं ते पाहू. एकाच इमारतीत ४९० चौरस फुटांचे दोन अगदी सारखे फ्लॅट आहेत असं समजा. एकाला वर्षाला ६,००० रुपये घरपट्टी आहे, दुसऱ्याला शून्य. घेणारा दोन्हींची किंमत सारखी लावणार नाही. वर्षाला ६,००० रुपये कायमचे वाचणार असतील, तर आठ टक्के व्याजाच्या हिशेबाने त्या बचतीचं आजचं मोल ७५,००० रुपये होतं. म्हणजे बिनकराचा फ्लॅट साधारण तेवढा महाग विकला जाईल, कारण विकणाऱ्यालाही गणित येतं. अर्थशास्त्रात याला कराचं भांडवलीकरण म्हणतात. कर वाढला की त्याचा भार किमतीत उतरतो आणि किंमत खाली येते. कर माफ झाला की माफीही किमतीत शिरते आणि किंमत चढते. त्यामुळे माफीचा लाभ होतो तो जाहीर झाल्या दिवशी ज्याच्या नावावर घर आहे त्याला. त्यानंतर येणारा घेणारा तीच माफी रोख पैसे मोजून विकत घेतो.

माफीची मोजपट्टी क्षेत्रफळाची ठेवल्याने आणखी एक गंमत झाली. वरळीतला ४९० चौरस फुटांचा समुद्र दिसणारा फ्लॅट करमुक्त, आणि मानखुर्दला तीन पिढ्या एकत्र राहतात म्हणून घेतलेलं ६०० चौरस फुटांचं घर करपात्र. छोटं घर म्हणजे गरिबाचं घर, हे समीकरण मुंबईत फार काळ टिकत नाही.

पण आपल्या शहरांत घरपट्टी इतकी नाजूक, हात लावता न येणारी गोष्ट झाली कशी? त्यासाठी शंभरेक वर्षं मागे जावं लागतं, कारण आजच्या बिलावरचे अनेक आकडे जुन्या भाडेकायद्याची नातवंडं आहेत.

मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात कर ठरवायची रीत साधी होती. एखादी इमारत भाड्याने दिली तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल याचा अंदाज करायचा, दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे आणि उरेल त्या ‘करयोग्य मूल्या’वर कर लावायचा. तेव्हाचं शहर भाडेकरूंचं शहर होतं. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींतली खोली कोणी विकत घेत नसे. तेव्हा भाडं हाच मालमत्तेचा खरा भाव होता आणि ही पद्धत रास्तच होती.

मग भाडं गोठलं. पहिल्या महायुद्धानंतर, पुन्हा दुसऱ्या महायुद्धात, आणि कायमचं म्हणावं असं १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. जागा १ सप्टेंबर १९४० रोजी ज्या भाड्याने दिलेली होती ते तिचं ‘प्रमाण भाडं’ ठरलं. त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने गेलेल्या जागेचं पहिलं भाडंच प्रमाण मानलं गेलं. हेतू वाईट नव्हता. फाळणीच्या आणि टंचाईच्या काळात भाडेकरूला रस्त्यावर येऊ द्यायचं नव्हतं. पण तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतवाढी घेत घेत १९९९ पर्यंत पोचला. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ आणि १९८० च्या निकालांतून एक तत्त्व पक्कं केलं. मालकाला कायद्याने जेवढं भाडं घेता येतं, त्याहून जास्त भाडं गृहीत धरून पालिकेला कर लावता येणार नाही. तत्त्व म्हणून हे निर्दोष आहे. मुंबईत त्याचा अर्थ असा झाला, की भाड्याबरोबर घरपट्टीही १९४० मध्ये गोठली.

परिणाम कोणत्याही जुन्या गल्लीत दिसत असे. एका बाजूला १९३५ ची इमारत, खोलीचं भाडं काही दहा-वीस रुपये, करही त्याच मापाचा. समोर १९९५ मध्ये उभी राहिलेली इमारत, तिचं करयोग्य मूल्य नव्या भाड्यावर ठरलेलं, कर कित्येक पट. रस्ता तोच, पाण्याचा दाब तोच, कचऱ्याची गाडीही तीच. जो आधी आला त्याला स्वस्त, जो उशिरा आला त्याला महाग. दरम्यान भाडं परवडत नाही म्हणून मालकाने दुरुस्ती सोडली, इमारती खचू लागल्या आणि १९६९ मध्ये सरकारला खास कायदा करून दुरुस्ती मंडळ नेमावं लागलं. त्याचा खर्च भागवायला या इमारतींवर उपकर लावला, तोही पालिकेच्या करबिलातूनच वसूल होऊ लागला. मुंबईकर आज सहज ‘सेस बिल्डिंग’ म्हणतो ती हीच. अशा इमारती होत्या साडेएकोणीस हजारांहून जास्त.

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात गोठलेल्या भाड्याची तरतूद अवाजवी झाल्याचं स्पष्ट सांगितलं, पण कायद्याची मुदत लवकरच संपणार असल्याने तो रद्द केला नाही. १९९९ चा नवा कायदा आला, वर्षाला चार टक्के भाडेवाढ मिळाली आणि पागडीच्या व्यवहारालाही कायद्यात जागा मिळाली. तोवर दोन पिढ्यांनी एकच धडा घोकला होता: घर भाड्याने द्यायचं नसतं, दिलं की गेलं. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीतले आकडे याची साक्ष देतात. १९६१ मध्ये देशातल्या शहरी घरांपैकी ५४ टक्के घरं भाड्याची होती; २०११ मध्ये २८ टक्के. आणि त्याच २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे चार लाख ऐंशी हजार घरं रिकामी, कुलूप लावलेली सापडली. देशातल्या कोणत्याही शहराहून जास्त. याच जनगणनेत मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक कुटुंबं झोपडपट्टीत राहत होती. हे दोन आकडे एकाच शहराचे आहेत.

मग एवढा तुटपुंजा कर घेऊन पालिका चालली कशी? जकातीवर. शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावरच पैसे वसूल होत. ट्रक थांबे, पावती फाटे, शहरातल्या कोणालाच थेट झळ लागत नसे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, तेव्हा मुंबईला तिच्यातून वर्षाला सात हजार कोटींच्या आसपास मिळत होते. ती जागा आता सरकारकडून येणाऱ्या भरपाईने भरली जाते. म्हणजे पालिकेचं हे मोठं उत्पन्न स्वतःच्या नाक्यावरून सरकारच्या दारात गेलं. उरलं हक्काचं एकच मोठं साधन, मालमत्ता कर. २०२५-२६ मध्ये मुंबई पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या पुढे गेला; त्यात मालमत्ता कराचा वाटा पाच-सहा हजार कोटींचा.

गोठलेल्या भाड्यातून सुटका म्हणून मुंबईने १ एप्रिल २०१० पासून पद्धतच बदलली. भाडं सोडून भांडवली मूल्य धरायचं ठरलं. सरकारच्या रेडी रेकनरमधला त्या विभागाचा दर, गुणिले क्षेत्रफळ. मग वापर कसला, बांधकाम कोणत्या प्रकारचं, इमारत किती जुनी आणि फ्लॅट कितव्या मजल्यावर, यानुसार कमी-जास्त. कागदावर हे जुन्यापेक्षा कितीतरी न्याय्य आहे, असं माझं मत. पण एकदम धक्का नको म्हणून निवासी घरांचा कर दुपटीहून जास्त वाढणार नाही अशी मर्यादा घातली, ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना पाच वर्षं वाढ नाही असं ठरलं आणि पुढे तीच घरं पूर्ण करमुक्त झाली. दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचं होतं. २०१५ ला ते झालं. २०२० ला करोना आला, सुधारणा लांबली. त्यानंतरही वाढीव बिलांची नुसती चाहूल लागली तेव्हा गदारोळ झाला आणि सरकारने मध्ये पडून जुना दर कायम ठेवला.

यात न्यायालयाचा एक निकाल विशेष आहे. २०१० च्या नियमांत पालिकेने मोकळ्या भूखंडाचं मूल्य ठरवताना त्यावर पुढे किती बांधकाम होऊ शकतं, तेही धरलं होतं. जमीनमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी हे नियम रद्द केले. कर आज जमीन जशी आहे तिच्यावर घ्या, उद्या तिचं काय होईल यावर नको, असा त्याचा आशय. कायद्याच्या शब्दांनुसार निकाल बरोबर असेलही. पण चाळीस मजल्यांची परवानगी खिशात घालून भाव चढेपर्यंत पत्र्याचं कुंपण मारून ठेवलेल्या भूखंडाला बाजार चाळीस मजल्यांचाच भाव देतो. करवसुली करणाऱ्यानेच तेवढं डोळे मिटून घ्यायचे.

आता घर घेणाऱ्याकडे येऊ. उपनगरात दीड कोटीचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतला असं धरा. मुंबईत आज दीड कोटीत राजवाडा मिळत नाही, हे वाचकांना सांगायला नको. मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे ९ लाख. नोंदणी ३० हजार. बांधकाम चालू असल्याने पाच टक्के जीएसटी, साडेसात लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पंचाहत्तर लाखांवरचं गृहकर्ज किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त देता येत नाही, आणि घराची किंमत मोजताना मुद्रांक शुल्क नि नोंदणी तीत धरता येत नाही. म्हणजे साडेसदतीस लाख स्वतःचे, वर शुल्क आणि जीएसटीचे पावणेसतरा लाखही स्वतःचेच. चोपन्न लाखांच्या वर रोख हाताशी असेल तेव्हाच किल्लीचा विचार. उरलेल्या एक कोटी साडेबारा लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता बसतो महिना सुमारे ९७ हजार. तसाच तयार फ्लॅट भाड्याने घेतला तर पस्तीस-चाळीस हजारांत मिळतो.

आणि घरपट्टी? उदाहरणापुरती वर्षाला १२,००० धरू. या घेणाऱ्याने दस्ताच्या दिवशी एका फटक्यात भरलेलं मुद्रांक शुल्क म्हणजे पंचाहत्तर वर्षांची घरपट्टी! आपण ज्या कराबद्दल वर्षभर कुरकुरतो तो किमतीच्या एक दशांश टक्काही नाही, आणि ज्या कराबद्दल अवाक्षर काढत नाही तो सहा टक्के. पुण्यात तर सात टक्के. बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी, म्हणून अलीकडे बऱ्याच दस्तांवर पहिलं नाव बायकोचं किंवा आईचं असतं. मालकी खरोखर बदलली का, ते त्या घरातल्यांनाच माहीत.

हा तोल असा कलला त्यामागे तिजोऱ्यांचं राजकारण आहे. घरपट्टी पालिकेकडे जाते, मुद्रांक शुल्क मुख्यतः राज्याकडे. महाराष्ट्रात मुद्रांक आणि नोंदणीतून वर्षाला पन्नास हजार कोटींच्या वर जमा होतात. राज्याच्या कमाईचा हा मोठा झरा आहे. घरपट्टी माफ करताना राज्य सरकार बहुतांशी दुसऱ्याच्या खिशातले पैसे सोडतं. मुद्रांक शुल्क कमी करायचं तर स्वतःचा खिसा हलका होतो. तरीही एकदा ते केलं गेलं. करोनात बाजार ठप्प झाला तेव्हा सप्टेंबर २०२० पासून वर्षअखेरीपर्यंत मुंबईतला दर पाचवरून दोन टक्क्यांवर आणला आणि डिसेंबरमध्ये एकट्या मुंबईत साडेएकोणीस हजारांवर दस्त नोंदले गेले. सवलत संपणार म्हणून पुढच्या महिन्यांतले व्यवहार अलीकडे ओढले गेले, हे धरूनही एक गोष्ट दिसली. घर घ्यायच्या, बदलायच्या वाटेवर हा कर मोठा अडसर आहे. मुलगा पवईला नोकरीला लागला म्हणून ठाण्यातलं घर विकून विक्रोळीत घ्यावं असं वाटणारं कुटुंब याच शुल्कापायी तो विचार सोडतं आणि मुलगा रोज दीड तास प्रवास करतो.

घर घेताना जबर कर, घर धरून ठेवताना नाममात्र कर. ज्याच्याकडे आहे त्याने आणखी दोन घेऊन कुलूप लावून ठेवावीत आणि ज्याच्याकडे नाही त्याने दारातच अडकावं, यासाठी याहून सोयीची रचना शोधून सापडणार नाही. भाड्यावर आधारलेल्या जुन्या पद्धतीत तर रिकाम्या जागेच्या कराचा काही भाग परत मागायची सोय होती. भाडंच नाही तर कर कशाचा, हा तर्क. सोसायट्यांचंही तसंच. घर भाड्याने दिलं तर ‘ना-वहिवाट शुल्क’ लागतं. २००१ पासून ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर जाऊ शकत नाही, पण लागतंच. घर बंद ठेवलं तर काहीच नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने २०१७ पासून उलटं केलं. वर्षातला बराच काळ रिकाम्या राहणाऱ्या घरावर त्याच्या मूल्याच्या एक टक्का वेगळा कर, जो २०२१ मध्ये तीन टक्के झाला. आपल्याकडे रिकाम्या घराला एवढा चिमटा काढायची भाषा फारशी कोणी करत नाही.

जुन्या मालकाला जपण्याचा मोह मुंबईपुरता नाही. कॅलिफोर्नियात ६ जून १९७८ रोजी मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ नावाची दुरुस्ती जवळजवळ दोन-तृतीयांश मतांनी मंजूर केली. हॉवर्ड जार्व्हिस हा तिचा पुढारी. घरांच्या किमती भराभर वाढत होत्या, त्यांच्याबरोबर करही वाढत होता आणि निवृत्त माणसं घाबरली होती. दुरुस्तीने कर मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला, मूल्य १९७५ च्या पातळीला नेलं आणि पुढे ते वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येणार नाही असं ठरवलं. घर विकलं गेलं की मात्र बाजारभावाने नवी मोजणी. परिणाम आपल्या गल्लीसारखाच झाला. शेजारी-शेजारी सारखी घरं, पण १९८० मध्ये आलेल्याचा कर परवा आलेल्याच्या कित्येक पट कमी. वॉरन बफे यांनी २००३ मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. ओमाहातल्या त्यांच्या पाच लाख डॉलरच्या घराला वर्षाला चौदा हजार डॉलरहून जास्त कर होता आणि कॅलिफोर्नियात लगुना बीचच्या चाळीस लाख डॉलरच्या घराला २,२६४ डॉलर. बे एरियात नोकरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांना याची झळ नीट कळते. फ्रीमाँटला किंवा सनीवेलला नवं घर घेतलं की पहिल्याच वर्षी पूर्ण एक टक्का आणि वर स्थानिक भर. शेजारचे आजोबा निवांत.

याची दुसरी बाजू आहे आणि ती खोटी नाही. पार्ल्यात १९६८ मध्ये सहकारी सोसायटीत घर घेतलेल्या निवृत्त शिक्षिकेचं घर आज तीन कोटींचं आहे. पेन्शन मात्र पेन्शनच. घराची किंमत वाढली म्हणून तिच्या हातात रुपयाही आला नाही. तिच्याकडून किमतीच्या एक टक्का, म्हणजे वर्षाला तीन लाख मागणं हा वेडेपणा ठरेल. मुंबईच्या किमती इथल्या पगारांच्या मानाने इतक्या चढलेल्या आहेत, की अमेरिकेतला दर जसाच्या तसा इथे आणताच येणार नाही. पण या अडचणीवर संपूर्ण माफी हा एकच उपाय नाही. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९६३ पासून ज्येष्ठांना कर पुढे ढकलता येतो. राज्य त्यांच्या वतीने कर भरतं, घरावर बोजा चढवतं आणि घर विकलं किंवा वारसांकडे गेलं की व्याजासकट वसूल करतं. शिक्षिका घरातच राहते, शहराला पैसे मिळतात आणि भाववाढीचा लाभ ज्याला होतो तो त्यातून कर देतो. आपल्याकडे वारसांना हे रुचणार नाही, हा भाग वेगळा. बहुधा म्हणूनच कोणी त्याचं नाव काढत नाही.

पुण्याची कथा वेगळ्या वळणाने जाते. तिथे आजही कर वार्षिक भाडेमूल्यावर आहे आणि मालक स्वतः राहत असेल तर करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत, अशी रीत १९७० पासून चालत आली. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य सरकारने सवलत काढली आणि २०१९ पासून नव्या घरांना पूर्ण बिलं जाऊ लागली. पुणेकर आणि सवलत यांच्या मध्ये कोणी आलं की काय होतं ते सरकारला चार वर्षांत समजलं. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत परत दिली. त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा, आपण स्वतः राहतो याचा पुरावा जोडायचा. मला खटकतं ते असं. सवलत मालकाला आहे, राहणाऱ्याला नाही. हिंजवडीत नोकरी करणारं, बाणेरला भाड्याने राहणारं जोडपं ज्या फ्लॅटमध्ये राहतं त्याला पूर्ण कर लागतो, मालक तो भाड्यातून वसूल करतो, आणि सवलत मिळते ती घर असणाऱ्यालाच.

पुण्याच्या कडेला हाच प्रश्न आणखी उघडा पडतो. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरणाऱ्या लोकांच्या हाती शहराच्या दराची बिलं पडली. रस्ता तोच खड्ड्यांचा, पाणी टँकरचं. सोसायट्या महिन्याला लाखांत टँकरवर खर्च करतात आणि वर पालिका कर मागते. या रागाला उत्तर नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं तर शेवटी महापालिकेतून बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. घरपट्टी वाढवा म्हणणाऱ्यांनी, मीही त्यांतलाच, हे विसरू नये, की हा कर नळाला पाणी येतं तिथेच मागता येतो. प्राप्तिकर कुठे जातो ते दिसत नाही म्हणून चालतं. घरपट्टी कुठे गेली ते माणूस खिडकीतून पाहत असतो.

ज्यांना यातलं काहीच परवडत नाही त्यांनी आपली वाट काढलीच. गुंठेवारी हा शब्द पुणे-पिंपरीच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. अर्धा गुंठा, गुंठा, नोटरीवर खरेदी, बिनपरवाना दोन खोल्या, मग वर मजला. पिंपरी-चिंचवडमध्ये अशा बांधकामांवर कायद्याने मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लागली. थकबाकी इतकी चढली, की लोक मूळ कर भरेनासे झाले, आणि २०२३ मध्ये सरकारने शास्तीकर माफ केला. कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही आणि शास्ती भरली म्हणून पाडकाम टळत नाही, असं महापालिका सांगत राहिली. पण घरपट्टीची पावती म्हणजे घर आपलं असल्याचा पुरावा, ही लोकांची समजूत काही हलली नाही. शिधापत्रिका, वीजबिल आणि घरपट्टीची पावती एकाच पिशवीत जपून ठेवणाऱ्यांच्या हिशेबात ती समजूत चुकीची म्हणावी तरी कशी?

करांचा तोल बदलला की घरं स्वस्त होतील, असा दावा मी करणार नाही. मुंबईत जमीन कमी, बांधकामाच्या परवानग्यांची साखळी लांब, आणि १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने २००७ पर्यंत हजारो एकर जमीन ना सरकारकडे ना बाजारात अशी अडकवून ठेवली होती. किमतींची मुळं तिथे आहेत. कर फार तर वरून दाब देतो. पण कोणाच्या बाजूने दाब द्यायचा हे आपण ठरवतो, आणि आजवर तो घर असणाऱ्याच्या बाजूने दिला आहे. मुद्रांक शुल्क दरवर्षी थोडं थोडं उतरवत न्यावं, तेवढी भर दुसऱ्या घरावरच्या, रिकाम्या घरावरच्या आणि मोकळ्या भूखंडावरच्या वार्षिक करातून काढावी, ज्येष्ठांना कर पुढे ढकलू द्यावा, आणि मुद्रांकातून राज्याचं जे कमी होईल त्यातलं काही पालिकेला द्यायच्या भरपाईतून वळतं करावं. हिशेब जुळवता येण्यासारखा आहे. अडचण मतांची आहे. वॉर्डात मतदार आहेत ते घर असलेले. तिथे घर घेऊ पाहणारा अजून बदलापूरला किंवा विरारला राहतो आणि त्याचं मतही तिथेच आहे.

थोडा रेटा बाहेरून आला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना द्यायच्या अनुदानाला अट घातली. राज्याने मालमत्ता कराचा किमान दर जाहीर करावा आणि राज्याचं सकल उत्पादन ज्या वेगाने वाढतं त्या वेगाने या कराची वसुलीही वाढवून दाखवावी. ही अट २०२२-२३ पासून लागू झाली. मुंबईतल्या पाचशे चौरस फुटांच्या माफीचंही ते पहिलंच पूर्ण आर्थिक वर्ष होतं.